वालावलकर साहेबांचे दोन शब्द

दिनानाथ वालावलकर या माणसाला मी पहिल्यांदा पाहिलं ते चौकशी समितीपुढे. साक्षीला आलेली माणसं सहसा थोडी बावरलेली असतात. हा खिशातला रुमाल काढून खुर्ची पुसून बसला, चहा बिनसाखरेचा मिळेल का म्हणून शिपायाला विचारलं आणि मग समितीकडे असा वळला, की जणू त्यानेच त्यांना भेटीची वेळ दिली होती.

मी आणि माझी लिडियावहिनी मागच्या बाकावर बसलो होतो. वहिनी म्हणजे माझ्या भावाची, जॉयलची बायको. खरं तर तेव्हा जॉयल नव्हता, म्हणजे ती बायको राहिली नव्हती. पण गावात कुणाच्या तोंडात दुसरा शब्द आला नाही, तो मीही आणत नाही.

आमचं गाव वसईच्या पश्चिमेला. घरामागे वाडी आहे. वाडीत केळी, थोडी भाजी आणि फुलं. कागडा, सोनचाफा, आणि दसऱ्यासाठी झेंडू. दसरा आमचा सण नाही, पण त्याची तयारी आमच्या घरात जून महिन्यापासून चालायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आणि दसऱ्याच्या सकाळी गावातल्या वाड्यांमधली फुलं टेंपोत भरून मुंबईच्या फुलबाजारात जायची. त्या वर्षी आदल्या दिवशीच्या टेंपोबरोबर जॉयल गेला आणि त्याच्याबरोबर गावातले आणखी दोघे. नवीन शतकाची ती पहिलीच वर्षं होती, मोबाईल गावात एखाद-दुसऱ्याकडे होता. बाजारात स्फोट झाल्याचं आम्हाला टीव्हीवर कळलं. करंड्यांच्या राशीत कुणीतरी आणखी काही करंड्या आणून ठेवल्या होत्या. आमच्या गावचे तिघेही परत आले नाहीत. त्या दिवशी तिथे जे मेले त्यांत बहुतेक फुलं विकणारे आणि फुलं घेणारेच होते.

नंतर आठवड्याभराने पेपरात आलं की सरकारला हे आधी ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणजे सांगितलेलं होतं, आणि ते सांगणं गेलं होतं आमच्याच वसईतून. वालीवला एकाने आपला गाळा प्लास्टिकची झाकणं बनवायला म्हणून भाड्याने दिला होता. तिथे वेताच्या करंड्या येऊन पडायला लागल्या, तेव्हा त्याला नवल वाटलं आणि त्याने पोलिसांना सांगितलं. पोलीस गेले तोवर भाडेकरू पळाले होते. मागे वायरींचे तुकडे राहिले होते आणि फुलबाजाराचा हाताने काढलेला नकाशा. इथल्या पोलिसांनी त्याच दिवशी हे सगळं मुंबईला वर कळवलं. सणाच्या तोंडावर फुलबाजार सांभाळा, एवढं स्वच्छ कळवलं.

ते जिथे पोहोचलं त्याला समन्वय कक्ष म्हणत. राज्यभरातून आलेल्या असल्या सूचना वाचायच्या आणि ज्याला त्याला पोहोचवायच्या, एवढंच त्या कक्षाचं काम. कक्षाचे प्रमुख दिनानाथ वालावलकर. दसरा उलटून गेला तरी ती सूचना त्यांच्या टेबलावरच होती.

समितीने त्यांना विचारलं, "ही सूचना पुढे का गेली नाही?"

"सदर सूचना नेहमीच्या स्वरूपाची असल्याचं समजण्यात आलं," ते म्हणाले.

"कुणी समजलं तसं?"

"कक्षाकडून."

"म्हणजे तुम्ही?"

"एकत्रित आकलन होतं ते. त्या काळात कामाचा ताणही प्रचंड होता."

वहिनी तेव्हा शाळेत मराठी शिकवायची. ती माझ्या कानाशी म्हणाली, "आठवीच्या पोरांचे मी याच्यासाठी मार्क कापते. वाक्यात कर्ताच नाही."

समितीचा अहवाल यायला काही वर्षं गेली. कोणाही एका व्यक्तीवर जबाबदारी निश्चित करता येत नाही, दोष यंत्रणेतल्या समन्वयाचा आहे, असं त्यात होतं. समन्वयाचा दोष, आणि समन्वय कक्षाचा प्रमुख निर्दोष. हे लिहिणाऱ्याला लिहिताना हसू कसं आलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. वालावलकरांना तोपर्यंत एक बढती मिळाली होती. मग ते सन्मानाने निवृत्त झाले आणि आमच्या सगळ्यांच्या दुर्दैवाने वसईला राहायला आले.

ते वसईला आल्याचं मला कळलं ते शाळेत. पॅरिशच्या त्या शाळेत मी भूगोल शिकवते आणि वहिनी तोवर प्राथमिकची मुख्याध्यापिका झाली होती. छोट्या शिशूच्या प्रवेशासाठी आम्ही दोघी पालकांशी बोलायला बसायचो. एक दिवस दारातून एक तरुण बाई आत आली. तिच्या हाताला चार वर्षांची मुलगी, आणि मागून सफारीतले वालावलकर.

मी वहिनीकडे पाहिलं. तिने ओळखलं होतं. "बसा," ती म्हणाली.

बाईचं नाव संपदा, वालावलकरांची सून. बँकेत नोकरी. नवरा परेश, दुबईला. मुलगी अनुष्का. हे सगळं सांगायला संपदाने तोंड उघडलं होतं, पण सांगितलं सासऱ्यांनी. मुलीला वहिनीने रंगीत खडू दिले, ती कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाशी जाऊन बसली.

"मी सरकारात होतो," कुणी न विचारता वालावलकर म्हणाले. "सुरक्षेचं अत्यंत संवेदनशील खातं. फार बोलता येत नाही. पण आज आपण सगळे निवांत झोपतो ना, त्यामागे कुणाचे तरी श्रम असतात."

"फुलबाजारात स्फोट झाला तेव्हा समन्वय कक्षात तुम्हीच होतात ना?" वहिनीने विचारलं.

ते सुखावले. खरंच सुखावले. आपल्याला ओळखणारं कुणीतरी या आडगावात भेटलं, असा आनंद त्यांच्या तोंडावर पसरला. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी सुनावणीला यायचे."

"पत्रकार होतात का?"

"नाही."

"फार किचकट प्रकरण होतं ते. माझ्यावर काही ठपका आला नाही, पण मनस्ताप झालाच. लोकांना वाटतं, सूचना आली की लगेच बटण दाबायचं. दिवसाला ढिगाने यायच्या हो. शिवाय तो आठवडाच विचित्र होता. आमच्या नव्या कार्यालयाचं उद्घाटन होतं. मंत्री येणार होते. वरून मला सांगण्यात आलं की वालावलकर, स्वागताचं भाषण तुम्हीच लिहा, तुमच्यासारखं मराठी इथे कुणाचं नाही. मग बाकी सगळं बाजूला राहिलं."

मी बोलणार होते. वहिनीने टेबलाखाली माझ्या हातावर हात ठेवला.

"चांगलं झालं भाषण?" तिने विचारलं.

"उत्तम झालं. मंत्र्यांनी नंतर मुद्दाम बोलावून घेतलं."

त्यांना काहीच कळत नव्हतं. संपदाला मात्र काहीतरी कळायला लागलं होतं. ती वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहत होती. "बाबा," ती हळूच म्हणाली, "राहू दे आता."

"माझे मिस्टर त्या बाजारात होते," वहिनी म्हणाली. "फुलं घेऊन गेले होते. ही त्यांची बहीण."

वालावलकरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. त्यांच्या तोंडावर मी काहीतरी शोधत होते. भीती चालली असती. राग चालला असता. तिथे फक्त एक अडचणीत सापडलेला माणूस होता, चुकीच्या खिडकीसमोर रांग लावल्यासारखा.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "शेवटी ईश्वरेच्छा. आपल्या हातात काय असतं."

"देवाला मध्ये आणू नका," वहिनी म्हणाली. "तुमच्या हातात होतं ते, टेबलावर. देवाने त्याच्या बाजूने सांगायची व्यवस्था केली होती."

"तसं नव्हे, यंत्रणा म्हणून जेव्हा पाहिलं जातं तेव्हा…"

"बाबा," संपदा म्हणाली.

ते थांबले. मग थोडं पुढे वाकून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "पण याचा आमच्या अनुष्काच्या प्रवेशावर काही परिणाम नाही ना व्हायचा?"

संपदाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझ्या भावाला मारणारे कोण होते ते मी कधी पाहिलं नाही. त्यांच्याविषयी मला जे वाटतं त्याला द्वेष म्हणता येईल. समोर बसलेल्या या माणसाचा द्वेष करायला गेले तर हाताला काही लागेना. इतका तो पोकळ होता.

"नाही व्हायचा," वहिनी म्हणाली. "मुलगी चार वर्षांची आहे. तिने काही केलेलं नाही. तुम्ही मात्र एक करा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या गावच्या चर्चमध्ये त्या तिघांसाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना असते. नंतर माणसं चर्चच्या हॉलमध्ये बसतात. तिथे या, आणि आत्ता मला सांगितलंत ते त्यांना सांगा."

"अवश्य," वालावलकर उठत म्हणाले. "निमंत्रणाबद्दल आभारी आहे."

त्या दिवशी घरी येताना मी वहिनीशी भांडले. सरळ नाही म्हणायचं होतंस, असं म्हणाले. एकदा तरी त्या माणसाला कळू दे की कुणाच्या तरी टेबलावर आपलं काम अडकलं की कसं वाटतं.

"काय कळलं असतं त्याला?" ती म्हणाली. "बाईने सूड घेतला, एवढंच. मग तो सोसायटीत सगळ्यांना सांगत फिरला असता. माझ्यामुळे त्याला बिचारं व्हायला मिळालं असतं. ते मी त्याला देणार नाही."

"आणि गावात बोलावून काय मिळणार आहे?"

"पप्पांना एकदा त्याच्या तोंडून ऐकायचंय."

पप्पा म्हणजे माझे वडील, बॅप्टिस्ट. सुनावणीला ते कधी आले नाहीत. वाडीत काम करत राहिले. आम्ही मुंबईहून परत आलो की एकच विचारायचे, की कुणी सांगितलं का, तो कागद वाचला कुणी? आम्ही नाही म्हणायचो. ते पुन्हा पाणी सोडायला जायचे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. अनुष्काला सोडायला संपदा यायची, किंवा रिक्षा यायची. सासरे कधी आले नाहीत. सप्टेंबरात वहिनीने संपदाला फाटकाशी थांबवून आठवण करून दिली.

"त्यांच्या लक्षात आहे," संपदा म्हणाली. ती खाली बघत होती. "ते तयारी करतायत. मी त्यांना समजवायला गेले, मॅडम, की ते लोक तुमचं भाषण ऐकायला नाही बोलावत आहेत. ते म्हणाले, तुला यातलं कळत नाही. त्यांनी मला तुम्हाला विचारायला सांगितलंय की किती मिनिटं बोलायचं."

वहिनी म्हणाली, "त्यांना सांग, त्यांना लागतील तेवढी."

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मिस्सा झाली आणि हॉल भरला. ज्यांची माणसं गेली ती तिन्ही घरं पुढे बसली होती. त्यांच्या मागे गाव. पप्पा मधल्या वाटेच्या कडेला बसले होते, त्यांना पाय लांब करायला तिथे बरं पडतं. वहिनीने लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं की एक माणूस येईल आणि त्या वेळी काय झालं ते सांगेल. त्यामुळे कुणी घरी गेलं नव्हतं. आजारी माणसंही आली होती.

वालावलकर सुनेच्या गाडीतून उतरले. क्रीम रंगाचा झब्बा, खांद्यावर घडी घातलेली शाल. शाल त्यांनी घरूनच आणली होती. इथे कुणाला ऐनवेळी सुचेल न सुचेल, असा विचार केला असावा. आत आल्यावर त्यांनी व्यासपीठ कुठे आहे ते पाहिलं. व्यासपीठ नव्हतंच, भिंतीजवळ एक माइक उभा होता. ते तिथे गेले, माइकवर बोट आपटून पाहिलं आणि कागद काढले.

"उपस्थित बंधू-भगिनींनो," त्यांनी सुरुवात केली. "आज या पवित्र वास्तूत दोन शब्द बोलण्याची संधी मला देण्यात आली, याबद्दल मी आयोजकांचा ऋणी आहे. फुलांचा आणि त्यागाचा संबंध आपल्या संस्कृतीत फार जुना आहे."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. लोकांना वाटलं, प्रस्तावना असेल.

ते वसईच्या मातीवर बोलले. किल्ल्यावर बोलले. फुलांचं आयुष्य क्षणभंगुर असतं, पण सुगंध मागे राहतो, हे त्यांनी वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. या गावाने देशासाठी तीन सुपुत्रांचं बलिदान दिलं, असं म्हणाले. जॉयलने देशासाठी काही दिलं नव्हतं. त्याला झेंडूचा भाव चांगला मिळाला तर घरावर पत्रे घालायचे होते. आमच्या रांगेतली निकोलसची आई म्हणजे गेलेल्या तिघांपैकी एकाची आई. तिने मला हळूच विचारलं, "हा कधी सांगणार?"

तेवढ्यात पप्पा उठले. ते आमच्या घरच्या बोलीत बोलले, मी इथे सगळ्यांना कळेल असं लिहिते.

"तो कागद तुमच्याकडे आला होता ना?"

वालावलकर थांबले. प्रश्न विचारले जातील असं त्यांच्या कागदात नव्हतं. "आपण कोण?"

"जॉयलचा बाप. कागद आला होता ना तुमच्याकडे?"

"कक्षाकडे प्राप्त झाला होता."

"तुम्ही वाचला?"

"तो वाचण्यात आला होता."

"कोनी?" पप्पांनी विचारलं. एवढा एक शब्द मी त्यांचाच ठेवते.

संपदा भिंतीला टेकून उभी होती. माझी खात्री आहे की त्या क्षणी हॉलमधली सगळी माणसं त्याला वाट करून द्यायला तयार होती. 'मी वाचला, मी बाजूला ठेवला, माझं चुकलं', एवढं तो बोलला असता तर आमच्या गावातल्या बायकांनी त्याला पाणी आणून दिलं असतं. त्यांतली एक-दोघी रडल्याही असत्या. मला स्वतःला ते आवडलं नसतं, पण आमची माणसं तशी आहेत.

वालावलकरांनी कागदाकडे पाहिलं. "याविषयी समितीच्या अहवालात सविस्तर ऊहापोह करण्यात आलेला आहे," ते म्हणाले. "आज भावनेचा दिवस आहे. तांत्रिक बाबींत न जाता मी माझं मनोगत पूर्ण करतो."

पप्पांनी काठी घेतली आणि वाटेने दाराकडे चालू लागले. निकोलसची आई उठली. मग तिची सून. मग एकेक रांग. कुणी आवाज चढवला नाही, कुणी मागे वळून शिवी दिली नाही. मिस्सा संपल्यावर उठतात तशी माणसं उठली, लहान मुलांना हाताला धरलं आणि बाहेर पडली.

आणि तो बोलत राहिला. तो थांबेल असं मला वाटलं होतं. त्याने पान उलटलं. हॉलची चावी ज्यांच्याकडे असते त्या बायका खुर्च्या गोळा करायला लागल्या, एकात एक घालून भिंतीशी लावायला लागल्या. प्लास्टिकच्या खुर्च्यांचा तो खडखडाट चालू असताना वालावलकर माइकमध्ये सांगत होते की काळ हेच सर्व दुःखांवरचं औषध आहे. संपदा भिंतीपासून निघाली. मला वाटलं, सासऱ्यांना थांबवायला जातेय. ती खुर्च्या उचलायला लागली.

त्याने भाषण पूर्ण केलं. शेवटचं धन्यवाद ऐकायला हॉलमध्ये मी, वहिनी, संपदा आणि दोन बायका होतो. कागदाची घडी घालून तो वहिनीकडे आला.

"लोक लवकर गेले," तो म्हणाला.

"हो," वहिनी म्हणाली. "सकाळी फुलं पाठवायची असतात."

"विषय जरा जड होता त्यांना."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. घरातल्या भिंतीवर ओल आल्यावर बघतो तसं. मग ती दिवे बंद करायला गेली.

"संपदा, निघायचं ना?" त्याने विचारलं.

"मला इथे थोडं काम आहे, बाबा," संपदा म्हणाली. तिच्या दोन्ही हातांत खुर्च्या होत्या. "तुम्ही रिक्षाने जा."

"रिक्षा कुठे मिळेल?"

त्याने तिला विचारलं होतं. मी म्हणाले, "तिठ्यावर." तो शाल सावरत फाटकातून बाहेर पडला. रस्त्याने अजून आमचीच माणसं चालली होती. त्यांनी त्याला वाट दिली आणि आपलं बोलणं चालू ठेवलं.

पुढच्या आठवड्यात इथल्या एका साप्ताहिकात चौकट आली. ज्येष्ठ प्रशासक दिनानाथ वालावलकर यांनी स्फोटग्रस्त कुटुंबीयांची भेट घेऊन त्यांना धीर दिला, त्यांच्या भाषणाने श्रोते हेलावून गेले. बरोबर फोटोही होता, कुठल्यातरी जुन्या समारंभातला, गळ्यात हार. ही बातमी देण्यात आली होती. कुणी दिली ते विचारायची मला गरज वाटली नाही. मी ती पप्पांना वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि केळीचा घड उतरवायला मला शिडी धरायला सांगितलं.

तिन्ही घरांनी मिळून चौकशी पुन्हा करावी म्हणून अर्ज केलेला आहे. तो विचाराधीन आहे. कुणाच्या, ते उत्तरात लिहिलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी संपदा अनुष्काला घेऊन आली. आम्ही बोलावलं नव्हतं. मिस्सा झाल्यावर ती हॉलमध्ये निकोलसच्या आईशेजारी बसली. त्या दोघी बराच वेळ काही बोलत होत्या. काय ते मी ऐकलं नाही, पण म्हातारी मान डोलवत होती. मग संपदाने मला विचारलं की सकाळची फुलं निवडायला माणसं लागतात का. मी म्हणाले, लागतात. ती रात्री आमच्याकडे राहिली आणि पहाटे वाडीत झेंडू तोडायला आली. तिला नीट जमलं नाही, देठ फार आखूड ठेवत होती. पप्पांनी दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा जमलं.